आवाज नको, शब्द हवा

दसरा उलटला की वर्तमानपत्रे जड होऊ लागतात. बातम्यांनी नव्हे, जाहिरातींनी. साड्या, सदनिका आणि धुलाईयंत्रे यांच्या रांगेत हल्ली होम थिएटरनेही आपले बस्तान बसवले आहे. एकात हजार वॅट, तर शेजारच्या चौकटीत दोन हजार वॅट! चित्रात आईबाप आणि दोन गोजिरवाणी मुले सोफ्यावर बसून समोरच्या भिंतीकडे आ वासून पाहत असतात. त्यांची ती खोली एवढी ऐसपैस असते की तिच्यात आमचा डोंबिवलीचा सबंध ब्लॉक मावावा आणि वर पाहुण्यांना जागा उरावी. पण या चित्रांत एक गोष्ट मला अजून कधी दिसलेली नाही. त्या सोफ्यावर म्हातारे माणूस नसते.

आमच्या घरी आहे. आमचे अण्णा, वय वर्षे ८१. तारखात्यात त्यांनी उभा जन्म काढला. ते खाते २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाले, तोवर अण्णा निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. उमेदीच्या काळात कट्ट-कड, कट्ट-कड अशा आवाजातून मजकूर टिपून घेणारा हा माणूस. त्याच्या कानाची घरात एक प्रकारची कीर्ती होती. स्वयंपाकघरातल्या कुकरची तिसरी शिटी ते गॅलरीतून मोजत. असा हा कान गेल्या चार-पाच वर्षांत दगा देऊ लागला.

तेही कसे, तर हळूहळू. दूरदर्शन संचापुढे आम्ही सगळे बसलो की अण्णा विचारायचे, "काय म्हणाला रे तो?" कोणीतरी सांगे. मग पुढचे वाक्य हुकायचे, पुन्हा "काय म्हणाला?" सांगणाऱ्याच्या आवाजात एक कंटाळा येऊ लागला, तो आमच्या आधी त्यांच्या लक्षात आला. त्यांनी विचारणे सोडले. नंतर नंतर विनोदाला आम्ही हसलो की आमच्या तोंडाकडे पाहून ते हसत, अर्धा क्षण उशिराने. आणि शेवटी जेवण झाले की वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जाऊन बसू लागले. सकाळीच वाचून संपवलेले वर्तमानपत्र!

घरात यावर उपाय एकच चालू होता: आवाज वाढवा. संचाचा आकडा वीसवरून पस्तीसवर गेला. सौ.चे डोके दुखू लागले, खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या की "कालची मालिका आम्हालाही ऐकू आली हं" असे हसत सांगू लागल्या, आणि अण्णांना कळेना ते कळेनाच.

म्हणून आधी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. ज्यांच्या घरी असा प्रसंग असेल त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी हेच करावे. स्पीकर कितीही उत्तम आणला तरी तो श्रवणयंत्राची जागा घेत नाही. डॉक्टरांनी तपासणी केली आणि एक आलेख पुढे ठेवला. रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली होती. वय वाढते तसा कान आधी उंच पट्टीचे सूर गमावतो. आता आपल्या बोलण्यात स्वर असतात ते खालच्या पट्टीत, आणि त्यांतच सारा जोर. पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून, आणि स, श, च, त, फ यांची कुजबुज राहते वर, साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्याहीपलीकडे. तेवढी गेली की सारा, चारा, तारा, पारा या सगळ्यांचा नुसता "आरा" उरतो. डॉक्टर म्हणाले, "आवाज मोठा करून उपयोग नाही हो. नुसता आराच मोठा होईल. शब्द स्पष्ट करा."

श्रवणयंत्र आले. अण्णा ते दिवसातले काही तास लावतात आणि उरलेला वेळ ते कपाटाच्या खणात विश्रांती घेते. पण यंत्र लावूनही दूरदर्शन संचापुढे त्यांना अडखळायला होई, त्याचा दोष कानाकडे नव्हता. हे पातळ संच भिंतीवरच्या तसबिरीसारखे दिसतात खरे, पण तसबिरीत स्पीकर बसवायचा कुठे? दोन चिमुकले स्पीकर संचाच्या खालच्या कडेला किंवा पाठीमागे, तोंड जमिनीकडे किंवा भिंतीकडे करून बसवलेले असतात. म्हणजे नट बोलतो आपल्याशी आणि आवाज जातो भिंतीला. भिंतीवरून परतून जे येते ते आपण ऐकतो.

तेव्हा स्पीकर घ्यायचे ठरले. सौ.ने रक्कमही ठरवून टाकली: साठ हजार. "त्यात सगळं आलं पाहिजे अहो. आणि दर महिन्याला हप्ता नको."

साठ हजारांत सगळे येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्याला ५.१ म्हणतात त्यात समोर डावा-उजवा असे दोन स्पीकर, त्यांच्यामध्ये एक, पाठीशी दोन, हे झाले पाच. आणि पॉइंट एक म्हणजे नुसत्या खोल घुमाऱ्यासाठी सबवूफर. ही सहा धुडे आणि त्यांना चालवणारा रिसीव्हर एवढे सगळे एकाच वेळी साठ हजारांत बसवायचे, तर प्रत्येक जिन्नस हलका घ्यावा लागतो. आमच्या मेहुण्यांनी गेल्या वर्षी एका खोक्यात मावलेले सबंध बिऱ्हाडच उचलले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत हजार वॅट. स्पीकर एकेक मुठीएवढा. मी सहज यंत्राच्या पाठीमागची पट्टी वाचली. तिथे विजेचा खप लिहिलेला असतो. साठ वॅट! गिरणीत साठ किलो ज्वारी घालून हजार किलो पीठ काढणारा गिरणीवाला मला अजून भेटायचा आहे. ही जादू पीएमपीओ नावाच्या आकड्याची. तो निमिषभराच्या धक्क्याचा, तोही विकणाऱ्याच्या सोयीने काढलेला. सतत मिळणारी शक्ती आरएमएसमध्ये सांगतात. पाहायचा तो आकडा.

आणि खरे म्हणजे वॅट लागतात तरी किती? स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता म्हणून एक आकडा असतो: एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो तो. घरगुती स्पीकरचा हा आकडा पंच्याऐंशी ते नव्वदच्या दरम्यान असतो. समोरासमोर साधे बोलणे साठ-पासष्ट डेसिबलचे. म्हणजे आठ फुटांवर बसून मालिका ऐकायला एक वॅटसुद्धा पुष्कळ झाला. बंदुकीच्या बारांना आणि ढोलताशांना जास्त लागतात, पण दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये पन्नास प्रामाणिक वॅट म्हणजे चैन आहे. उलट संवेदनशीलता तीन डेसिबलने कमी असली की तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात.

बाजाराची पाहणी करायला मी आणि चिरंजीव लॅमिंग्टन रोडला गेलो. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते नाव पत्ता लिहायला.) डोंबिवलीकरांनी दादरला गाडी बदलावी आणि ग्रँट रोडला उतरावे. पुणेकरांना एवढा प्रवास नको, त्यांची बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे. दुकानदाराने आमचे स्वागत केले आणि विचारले, "साहेब, बेस कसा पाहिजे?" मी म्हटले, "बेस राहू द्या, बोलणं ऐकवा." तो क्षणभर गोंधळला. त्याच्याकडे ऐकवण्यासाठी होते ते स्फोट, हेलिकॉप्टरे आणि एक इंग्रजी गाणे.

म्हणून ऐकण्याचे साहित्य आपले आपण न्यावे. आम्ही तीन गोष्टी नेल्या होत्या: मराठी बातम्या वाचणाऱ्या एका पुरुषाचा आणि एका बाईचा आवाज, तबल्यासह एक नाट्यगीत, आणि अण्णांच्या आवडीच्या एका जुन्या चित्रपटातला पावसातला प्रवेश. बातम्यांत आवाज नाकातून किंवा डब्यातून आल्यासारखा वाटला की तो स्पीकर बाद. स आणि श सुईसारखे टोचले तरी बाद, कारण ती स्पष्टता पंधरा मिनिटांत कानाला थकवते. तबल्यात बायाचा घुमारा यावा, पण डग्याचा पिंप होऊ नये. पावसातला प्रवेश होता तो मागे गोंगाट असताना बोलणे कळते का हे पाहायला.

दोन स्पीकर शेजारी ठेवून ऐकवताना एक गंमत होते, तिच्यावर लक्ष ठेवावे. जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. फरक दोन-तीन डेसिबलचा असला तरी पुरे. ज्या जोडीत फायदा अधिक ती सहज चढ्या आवाजात वाजते, असा मला संशय आहे, पुरावा नाही. चिरंजीवांनी मोबाइलवर डेसिबल मोजण्याचे साधन घेतले होते, त्याने दोन्हींचा आवाज सारखा करून ऐकले तेव्हा आधी जिंकलेली जोडी सपशेल हरली.

आता पैशांची वाटणी. नुसते दोन चांगले स्पीकर आणि साधा स्टिरिओ अँप्लिफायर घेतला असता तर तीस-पस्तीस हजारांत भागले असते, आणि ज्यांना मुख्यतः गाणी ऐकायची आहेत त्यांना मी तेच सांगेन. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसले की बोलणारा पडद्याच्या मध्यावरून बोलतो असा भास होतो. पण तो भासच. मध्यापासून बाजूला सरकले की आवाज जवळच्या स्पीकरला जाऊन चिकटतो. मध्ये बसायचा मान आमच्याकडे मुलांचा. अण्णांची आरामखुर्ची खिडकीशी, एका कडेला.

म्हणून मधला स्पीकर, म्हणजे सेंटर. सिनेमाच्या ५.१ ध्वनिपट्टीत बोलणे बहुतेक सगळे या मधल्या स्पीकरकडे दिलेले असते. संगीत आणि इतर गलबला डाव्या-उजव्यांकडे. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा कमीजास्त करता येतो. म्हणजे सेंटर तेवढा तीन डेसिबलने वर काढला की बोलणे वर येते आणि मागचे व्हायोलिनवाले आपल्या जागी राहतात. स्टिरिओत हे जमत नाही. तिथे दुधात पाणी एकदा मिसळले ते मिसळले. आमच्या घरी ज्याची गरज होती ती नेमकी ही.

मग हिशेब असा बसला. रिसीव्हर सत्तावीस हजारांचा, गेल्या वर्षीचा. नवा आला की आधीच्याची किंमत दिवाळीत घसरते, आणि शब्द स्पष्ट ऐकण्यासाठी नव्याची काही गरज नसते. रिसीव्हर ही लवकर जुनी होणारी वस्तू. दर दोन वर्षांनी त्यात नवी भोके येतात. स्पीकरचे तसे नाही. कागदाचा कोन, चुंबक आणि तारेचे वेटोळे ही मांडणी राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकनांनी १९२५ मध्ये मांडली, ती अजून मुळात तीच आहे. चांगला स्पीकर वीस वर्षे सहज चालतो, तेव्हा पैसा तिथे घालावा. समोरची जोडी पंधरा हजारांना, सेंटर अकरा हजारांना. सेंटर त्याच घराण्यातला घ्यावा. डावीकडून उजवीकडे चालत जाणाऱ्या माणसाचा आवाज मध्येच बदलला तर विचित्र वाटते. एकूण झाले त्रेपन्न. तारा आणि स्टँड तीन हजार. जुने स्पीकर स्वस्तात मिळत असतील तर तेही वाईट नाहीत, मात्र कोनाच्या कडेची पट्टी बोटाने दाबून पाहावी. ती फोमची असली तर काही वर्षांत कुजून भुगा होतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो व्हायला फार वाट पाहावी लागत नाही. रबराची टिकते.

तारांबद्दल एवढेच की सोळा गेजची साधी तांब्याची तार आमच्या हॉलएवढ्या अंतराला पुरते. सोन्याच्या मुलाम्याची, सापासारखी जाड तार दाखवली तर नमस्कार करून पुढे जावे. लाल टोक लालला, काळे काळ्याला, हे मात्र डोळ्यांत तेल घालून. चिरंजीवांनी एका स्पीकरला उलटे जोडले तेव्हा एक कोन पुढे जाई तेव्हा दुसरा मागे, आणि तबल्यातला डगा घरातून नाहीसा झाला. तारा बदलल्या, डगा परतला.

उरले चार हजार. ते कशाला, असे दुकानदारालाही पडले होते. ते खोलीला.

आमच्या हॉलमध्ये गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेची मोठी खिडकी. मध्यभागी उभे राहून टाळी वाजवली की पाठोपाठ बारीक टर्रर असा नाद येई. ती टाळीची परतफेड. बोलण्यातल्या प्रत्येक अक्षराची अशीच परतफेड होते आणि मागच्या अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते. तरुण कान ते गुंते सोडवतो. म्हाताऱ्या कानाला ते जमत नाही. म्हणून स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड सतरंजी घातली, खिडकीला दुपट्ट कापडाचा चुणीदार पडदा लावला. सोफ्यामागच्या भिंतीला पुस्तकांची मांडणी हलवली, तिच्यात खालच्या दोन फळ्या जुन्या दिवाळी अंकांच्या आहेत. दरवर्षी ही रद्दी केव्हा काढणार असे विचारणाऱ्या सौ.ला मी आता हा ध्वनिशास्त्राचा भाग आहे असे सांगतो. पुन्हा टाळी वाजवली तेव्हा टर्रर बरीचशी गेली होती. साठ हजारांतला सर्वांत नीट कामी आलेला खर्च विचाराल तर मी हा चार हजारांचा सांगेन.

मांडणीला पैसे पडत नाहीत, फक्त घरच्यांचा विरोध पडतो. समोरचे दोन स्पीकर एकमेकांपासून सात फूट, आणि बैठकही त्यांच्यापासून साधारण तेवढीच, म्हणजे समभुज त्रिकोण. ट्वीटर, म्हणजे वरचा लहान गोल, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास. उंच पट्टीचे सूर सरळ रेषेत जातात, आणि अण्णांना हवे ते नेमके तेच. ट्वीटर गुडघ्याकडे पाहत असेल तर शब्द गुडघ्याला ऐकू येतात. सेंटर संचाखालच्या कपाटावर अगदी पुढच्या कडेला, आणि खाली रबराच्या दोन गुट्ट्या देऊन तोंड वर उचललेले. फळीत आत खोल ढकलला तर तो डब्यातून बोलतो. सौ.ने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी ठेवली होती. वाटाघाटी होऊन रुमाल राहिला, फुलदाणी गेली.

जोडणी एका एचडीएमआय तारेने होते, दोन्हीकडे एआरसी लिहिलेल्या भोकात. इथे एक खोच आहे. संचाच्या ध्वनीच्या यादीत पीसीएम निवडलेले असले तर अनेक संच पाचांचे दोन करूनच पुढे पाठवतात, बिटस्ट्रीम निवडावे. चित्रपट दाखवणाऱ्या ॲपमध्येही ५.१ असेल तर ते निवडावे लागते. जुन्या मराठी चित्रपटांचे काय, असे अण्णांनीच विचारले. पहिला मराठी बोलपट "अयोध्येचा राजा" १९३२ चा, तेव्हाची ध्वनिपट्टी एकेरी. रिसीव्हरमध्ये डॉल्बी सराउंड किंवा प्रो लॉजिक अशी एक सोय असते. दोन्ही बाजूंना जे सारखे आहे ते ती उचलून मध्ये देते, आणि एकेरी ध्वनिपट्टीत सगळेच सारखे. म्हणून असा चित्रपट आपसूक सेंटरवर येऊन बसतो. शिवाय रात्रीची सोय म्हणून एक कळ आहे, ती मोठे आवाज दाबते आणि लहान उचलते. संगीताच्या दर्दींना ती आवडत नाही. रात्री साडेदहानंतर आमच्याकडे तीच चालू असते.

संचाचा आकडा आता अठरावर आहे. अण्णांना सगळे कळते असे म्हणणार नाही. दहातली आठ वाक्ये कळतात, दोन सुटतात. दोघे एकदम बोलू लागले की चार सुटतात. तेव्हा ते विचारतातही, "काय म्हणाला?" गेल्या आठवड्यात एका जुन्या विनोदी चित्रपटात एकजण पुटपुटत काहीतरी बोलला, मी त्या वेळी सुपारी कातरत होतो. अण्णा एकटेच हसले. आम्ही सगळ्यांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. सौ.ने विचारले, "काय म्हणाला हो अण्णा?" त्यांनी सांगितले नाही. म्हणाले, "पुढचं ऐका, नाहीतर तेही जाईल."

ज्यांचे घर भाड्याचे आहे, किंवा हॉल याहून लहान आहे, त्यांनी साउंडबार घेतला तरी मी नाक मुरडणार नाही. मात्र त्यात बोलण्यासाठी वेगळा मधला भाग आहे का, म्हणजे ३.१ किंवा ५.१ आहे का, एवढे पाहून घ्यावे. नुसता २.१ म्हणजे पुन्हा दूध-पाणी एकत्र.

चिरंजीवांचा आता सबवूफरसाठी तगादा आहे. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. आमचे समोरचे स्पीकर लहान, त्यांना खालचे सूर झेपत नाहीत. सबवूफर आला की ऐंशी हर्ट्झच्या खालचे सगळे त्याच्यावर सोपवायचे, म्हणजे बाकीच्यांचा भार हलका होतो. इतका खोल आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, त्यामुळे तो कुठेही ठेवता येतो. कुठे ठेवावा हे ठरवण्याची रीत मोठी मजेची आहे: सबवूफर आपल्या बसण्याच्या जागी ठेवायचा, तबल्याचे काहीतरी लावायचे, आणि आपण खोलीभर रांगत फिरायचे. जिथे घुमारा सारखा आणि नीट ऐकू येईल तिथे तो ठेवून द्यायचा. कोपऱ्यात ठेवला की तो फार माजतो. आमच्या दहा फुटांच्या भिंतींत छप्पन हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून राहतो, तो दोन भिंतींमध्ये चेंडूसारखा खेळतो. आणि खालचे सूर स्लॅबमधून आरपार जातात, तेव्हा खाली जाड फोमची गादी हवी आणि खालच्या वहिनींची संमतीही.

मागच्या दोन स्पीकरांचा नंबर त्यानंतर. त्यांची तार दारावरून न्यायची की सतरंजीखालून, यावर घरात दोन पक्ष पडले आहेत. सबवूफरला पंधरा हजार मागतात. पुढच्या दिवाळीपर्यंत डब्यात महिन्याला साडेबाराशे टाकायचे ठरले आहे, आणि पहिले साडेबाराशे अण्णांनी पेन्शनमधून टाकले.